किनाऱ्यालगतच्या पाण्याची वाटणी: आधी वेळापत्रक, मग नकाशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका गावाच्या किनाऱ्यावर दोन रापण संघ (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचे गट) आहेत, पंचवीस-तीस गिलनेटच्या (पाण्यात पडद्यासारखं उभं राहणाऱ्या जाळ्याच्या) होड्या आहेत. गेल्या काही वर्षांत स्कूबा-स्नॉर्कलिंगच्या बोटी आल्या, पॅरासेलिंग आलं, आणि आता शेजारच्या खाडीच्या तोंडाशी जेटी (बोटींचा धक्का) बांधायचं घाटतं आहे. जाळी कापली जातात, किनाऱ्यावर हातघाई होते. म्हणून ग्रामपंचायतीनं नकाशावर पट्टे आखून प्रत्येक धंद्याला जागा वाटून द्यायचं ठरवलं आहे. हे पट्टे कसे आखावेत?

पट्टे आखायची घाई करू नका. कागदावर रंग भरले की सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. पण एकदा पट्टा पडला की त्यातला प्रत्येक मीटर कुणाच्या तरी हातातून गेलेला असतो आणि पुढची दहा वर्षं वाद त्या रेषेवरच चालतो. तुमच्या किनाऱ्यावर चार धंदे एकाच पाण्यात आहेत हे खरं, पण ते बहुतेक वेळा एकाच तासाला तिथे नसतात. आधी तास आणि महिने वाटा. त्यानंतर जो खरा टकराव उरेल तेवढ्यापुरतीच रेषा आखा.

प्रत्येक धंद्याला पाण्याकडून नेमकं काय लागतं ते आधी मांडू.

रापणीला वाळूचा, खडक नसलेला तळ लागतो. होडी एक टोक किनाऱ्यावर ठेवून अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाशी परत येते, मग दोन्हीकडून माणसं ओढत आणतात. जाळं पाण्यात पडल्यापासून पिशवी वाळूत येईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. या वेळात मधून एक जेट स्की गेली तरी तारली-बांगड्याचा थवा खाली दबतो किंवा फुटतो, आणि चाळीस-पन्नास घरांचा त्या दिवसाचा वाटा जातो. रापणीची अडचण ही की थवा कधी दिसेल ते सांगता येत नाही. सकाळ महत्त्वाची, पण दुपारीही मासा लागतो. म्हणून रापणीला नुसता पट्टा देऊन भागत नाही. तिला हक्काची वाट लागते: रापण पडली की बाकीच्यांनी थांबायचं.

गिलनेट संध्याकाळी टाकतात आणि पहाटे काढतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांना झेंडा आणि दिवा असेल तर निम्मी भांडणं आधीच मिटतात. तरंगतं जाळं प्रवाहाबरोबर रात्रभरात बरंच सरकतं, त्यामुळे टाकलेल्या जागेइतकीच सरकण्याची जागा मोजावी लागते. नकाशावर जाळ्याचा ठिपका काढणाऱ्यांकडून हे हमखास सुटतं.

स्कूबाला खडक आणि पाच ते आठ मीटर खोल, आतलं स्पष्ट दिसेल असं पाणी लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दिवसातली वेळ सकाळची, कारण दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटले की लाट उठते, गाळ ढवळतो आणि नवख्या माणसाला पाण्यात उतरवणं धोक्याचं होतं. पॅरासेलिंगला उलट थोडा वारा हवा असतो आणि वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला दोरीच्या लांबीच्या निदान दुप्पट मोकळं पाणी. तिथे ना जाळ्याचा झेंडा असावा, ना पोहणारा, ना विजेची तार.

राहिल्या बायका. ओहोटीला खाडीत आणि खडकांवर तिसऱ्या, कालवं, खुबे काढणाऱ्या, वाळूत मासळी सुकवणाऱ्या. त्या बैठकीला नसतात, त्यांची होडी नसते, त्यामुळे त्यांची जागा नकाशावर उमटत नाही आणि मग नेमकी तिथेच चेंजिंग रूम, पार्किंग किंवा जेटीचा रस्ता येतो. त्यांची बैठक वेगळी घ्या, आणि भरतीची वेळ साधून घ्या. ओहोटीला त्या कामावर असतात.

आता नकाशा. पाया म्हणून डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा सागरी तक्ता घ्या. त्यावर खोली आणि खडक दोन्ही असतात. 1:10,000 प्रमाणावर ए-झिरो मापाच्या एका मोठ्या कागदात सुमारे 12 किलोमीटर बाय साडेआठ किलोमीटर मावतात, एका गावाला तेवढे पुरे. प्रत्येक गटाला वेगळी पारदर्शक शीट द्या आणि वेगळं बसवा. एकत्र बसवलं की मोठ्या बोटवाल्याचा आवाज चढतो आणि म्हातारा रापणकर गप्प बसतो. शीटवर जागेबरोबर महिना आणि वेळ लिहायलाच लावा. मग सगळ्या शीट एकावर एक ठेवा. जिथे जागा, महिना आणि तास तिन्ही जुळतात तेवढाच खरा टकराव. सुरुवातीला अख्खा समुद्र भांडणाचा वाटत असतो. या टप्प्यावर बहुधा दोन-तीन ठिकाणं आणि काही तास उरतात.

एक काळजी घ्या. मासेमारीच्या चांगल्या जागा मच्छीमार सांगत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तो नकाशा पर्ससीनवाल्याच्या (थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या बोटीच्या) किंवा परराज्यातल्या ट्रॉलरच्या (जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटीच्या) हाती पडला तर पिढ्यांची माहिती एका हंगामात संपते. म्हणून ठिपका मागू नका. 500 मीटरचे चौकोन आखा आणि चौकोन रंगवायला सांगा. मूळ शीट मच्छीमार सोसायटीच्या कपाटात राहू द्या, सरकारी कार्यालयाला फक्त एकत्रित नकाशा द्या.

समुद्रात जाऊन जागा नोंदवताना आकड्यांची पद्धत एकच ठेवा. मोबाइल, बोटीवरचा जीपीएस आणि सरकारी कागद तिघांची लिहिण्याची रीत वेगळी असते. एकानं 16 अंश 03.50 मिनिटं लिहिलं आणि दुसऱ्यानं ते 16 अंश 03 मिनिटं 50 सेकंद असं वाचलं, तर जागा सहाशे मीटरहून जास्त उत्तरेला सरकते. तुमची अख्खी रापणीची जागा तेवढीच आहे! अंश आणि दशांश मिनिटं ही रीत ठरवा, तीन दशांशांपर्यंत लिहा. तिसऱ्या दशांशाचा एक अंक म्हणजे अक्षांशात 1.85 मीटर.

यानंतर रेषा. ती होडीतून डोळ्यांनी दिसली पाहिजे, नाहीतर ती नाही असंच समजा. खोलीवर बांधलेल्या सीमा आपल्याकडे जुन्या आहेत, ट्रॉलिंगला अमुक वावापलीकडे अशी (एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर). पण मंद उताराच्या तळावर, समजा दर 200 मीटरला एक मीटर उतार असेल तर, भरती-ओहोटीत पाणी दोन मीटर चढलं-उतरलं की पाच वावाची रेषा 400 मीटर पुढे-मागे होते. ट्रॉलरवाला म्हणतो मी बाहेर होतो, किनाऱ्यावरचा म्हणतो आत होता, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. त्यापेक्षा आपल्या तांडेलांची (होडी चालवणाऱ्या नायकांची) जुनी पद्धत वापरा: देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेघेत आले की हद्द. खूण नसेल तर किनाऱ्यावर दोन उंच खांब उभे करा, पुढचा ठेंगणा, मागचा उंच, दोन्ही एकाच रंगाचे. खर्च किरकोळ, पावसाळ्यात वाहून जात नाहीत. त्याच रेषेचे जीपीएस आकडे करारात लिहून ठेवा, म्हणजे पुराव्याला उपयोगी पडतील.

बोये, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणा, फक्त दोन कामांसाठी घाला: पोहण्याची हद्द दाखवायला आणि स्कूबाच्या बोटी बांधायला. हद्दीचा बोया पिवळा असावा, विशेष खुणेसाठी हाच रंग ठरलेला आहे. लाल-हिरवा लावलात तर बाहेरचा तांडेल त्याला बंदराची वाट समजेल.

बोटी बांधायच्या बोयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण प्रवाळ वाचवायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच आहे. रोज प्रत्येक बोट खडकावर नांगर टाकते, नांगर धरत नाही म्हणून फरपटतो, आणि वर्षानुवर्षं वाढलेला प्रवाळ एका सकाळी मोडतो. कायमचा बोया घातला की नांगर टाकायचं कारणच राहत नाही. पण तो नीट घालायला हवा. काँक्रीटच्या ठोकळ्याचं वजन जमिनीवरचं धरू नका. पाण्यात ते साधारण 57 टक्केच उरतं. 500 किलोचा ठोकळा तळाशी 285 किलोचं काम करतो. ठोकळा खडकावर ठेवायचा नाही, खडकाशेजारच्या वाळूत ठेवायचा, म्हणजे थोडा रुतून धरतो. साखळीची लांबी उधाणाच्या भरतीला मोजायची. मालवणकडे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, मुंबईकडे पाच मीटरपर्यंत, त्यामुळे दुसरीकडचं माप उचलून आणू नका. लांबी कमी पडली तर भरतीला बोया बुडतो किंवा ठोकळा उचलला जातो. जास्त झाली तर ओहोटीला सैल साखळी तळावर गोल फिरून प्रवाळ घासून काढते, म्हणजे नांगर बरा होता म्हणायची वेळ. यावर उपाय म्हणजे साखळीच्या मधल्या भागात पाण्याखालचा एक छोटा फुगा बांधायचा, तो सैल भाग तळापासून उचलून धरतो. शॅकल (साखळी जोडायची पिनेची कडी) दर महिन्याला डायव्हरकडून तपासून घ्या, पिनांना तार बांधा. मेअखेरीस वरचा बोया आणि साखळी काढून घ्या, ठोकळ्याचा जीपीएस आकडा लिहून ठेवा, पावसाळा सरल्यावर परत जोडा.

बोयांचा दुसरा फायदा गर्दीवर आहे. एका खडकावर तीन बोये, तर एका वेळी तीनच बोटी. बोटींच्या परवान्यांची संख्या गोठवून उपयोग होत नाही, कारण त्याच बोटी फेऱ्या वाढवतात. पाण्याखाली एका वेळी किती माणसं आहेत हा आकडा धरावा लागतो. सोबत एक अट घाला: माशांना ब्रेड-बिस्किटं टाकायची नाहीत. फोटोपुरते मासे गोळा होतात, पण त्यांची चरण्याची सवय मोडते आणि खडकावर शेवाळ वाढतं.

आता करार. तो दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. तुमच्या वर्णनावरून मला असा मसुदा सुचतो, आकडे तुमच्या बैठकीत बदला. ऑक्टोबर ते मे या काळात पहाटेपासून साडेआठपर्यंत रापणीच्या पाण्यात कोणतीही पर्यटन बोट नाही. साडेआठ ते साडेबारा स्कूबा, फक्त बोये असलेल्या खडकांवर, जाण्यायेण्याची वाट एकच आणि तिच्यावर गती कमी. पॅरासेलिंग अकरा ते पाच, खडक आणि रापणीची जागा सोडून एका टोकाला. साडेपाचनंतर पर्यटन बोटी बंद, कारण गिलनेट टाकायला होड्या निघतात. आणि या सगळ्यावर एक नियम: रापण संघानं किनाऱ्यावर ठरलेला झेंडा उभारला की दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना 300 मीटर पाणी मोकळं, झेंडा उतरेपर्यंत. झेंडा उतरवायची जबाबदारी संघाची. तो दिवसभर तसाच राहिला तर आठवड्याभरात कुणी पाळणार नाही, आणि मग नियम मोडल्याचा दोष त्यांनाही घ्यावा लागेल.

दिवाळी, नाताळ आणि मे महिना इथे ताण येतोच. पर्यटकही तेव्हा आणि बऱ्याचदा मासाही तेव्हा. त्या दिवसांसाठी भरपाईचं सूत्र आधीच लिहा. प्रत्येक डायव्हमागे ठरावीक रक्कम एका निधीत जमा, त्यातून बोयांची देखभाल, आणि झेंड्यामुळे रद्द झालेल्या फेऱ्यांचं किंवा पर्यटन बोटीनं फाडलेल्या जाळ्याचं नुकसान. आपल्याकडे स्कूबाच्या कितीतरी बोटी मच्छीमार घरातल्याच पोरांच्या आहेत, बाप रापणीवर आणि मुलगा डायव्हिंगला. हा मोठा आधार आहे, वाटाघाटीत तो वापरा.

ग्रामपंचायतीला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: समुद्रावर तिचा अधिकार चालत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, मासेमारीचं नियमन राज्याकडे, 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यानं. 2021 च्या दुरुस्तीनं दंड लाखांत गेला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. पर्यटन बोटी, जलक्रीडा आणि जेट्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. वाळूचा किनारा बहुधा सरकारी जमीन, म्हणजे महसूल खातं. बांधकाम आलं की 2019 ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. अभयारण्य असेल तर वन खातं. म्हणून गावच्या कराराचं वजन वाढवायचं असेल तर त्याच्या अटी परवान्यांत शिरल्या पाहिजेत. जलक्रीडेच्या परवानगीत झेंड्याची आणि वेळेची अट यावी असा ठराव करून सागरी मंडळाला द्या. रापणीच्या पाण्यात कोणती जाळी नकोत त्याचा प्रस्ताव मत्स्यव्यवसाय विभागाला द्या. कायद्यात एखाद्या भागात कोणत्या नौकांनी, कोणत्या जाळ्यानं मासेमारी करावी हे ठरवायची तरतूद आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांचं हित हा त्यासाठी मान्य केलेला आधार आहे.

हा आधार फुकट मिळालेला नाही. सत्तरच्या दशकात गोव्यात ट्रॉलर किनाऱ्याला भिडले तेव्हा रापणकारांनी उभा केलेला लढा आणि त्यातून आलेला 1980 चा गोव्याचा कायदा आपल्या किनाऱ्यानं पाहिला आहे. आपल्याकडेही 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानं पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधला गेला, आणि 10 नोव्हेंबर 2017 ला केंद्रानं एलईडी दिव्यांच्या प्रकाशानं मासा गोळा करून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तुमचा गावचा करार कितीही चांगला असला तरी रात्री एलईडी लावून बाहेरून येणारी बोट त्यानं थांबत नाही. तिच्यासाठी वेळ, जागेचे आकडे, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि फोटो अशी नोंदवही ठेवा. तोंडी तक्रारीवर कारवाई उभी राहत नाही.

लोकांना न विचारता आखलेल्या रेषेचं काय होतं ते मालवणला पाहा. 13 एप्रिल 1987 ला 29.122 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यात 3.182 चौरस किलोमीटरचा गाभा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा, पद्मगडाच्या भोवतीचा. म्हणजे गजबजलेल्या बंदराच्या दारातलं पाणी. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि इतक्या वर्षांनंतरही ती हद्द त्यांना आपली वाटत नाही. तिथला प्रवाळ जपण्याजोगाच आहे, हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण कुठल्या तासाला, कुठल्या जाळ्याला, कुठल्या खडकावर बंदी, एवढा बारीक विचार मच्छीमारांना बरोबर घेऊन झाला असता तर राखणदारी त्यांनीच केली असती. आजही तो मार्ग खुला आहे.

करार झाल्यावर पाच जणांची समिती पुरे: दोन्ही रापण संघांचा एकेक, गिलनेटचा एक, पर्यटन बोटींचा एक, आणि मासळी विकणाऱ्या-सुकवणाऱ्या बायकांची एक. पहिल्या उल्लंघनाला ताकीद, दुसऱ्याला निधीत दंड, तिसऱ्याला परवाना देणाऱ्या खात्याकडे लेखी शिफारस. हे तीन टप्पे आधी लिहिलेले असावेत, नाहीतर प्रत्येक वेळी नात्यागोत्यावर निकाल होतो. फेरविचाराची बैठक नारळी पौर्णिमेच्या आसपास घ्या. 1 जून ते 31 जुलैची बंदी संपून होड्या पाण्यात जाण्याच्या तयारीत असतात, पर्यटन बोटी अजून वर ओढलेल्या असतात आणि सगळे गावात भेटतात. पहिलं वर्ष प्रयोगाचं आहे असं करारातच लिहा, म्हणजे कुणाला कायमचं काही गमावल्यासारखं वाटत नाही.

जेटीचं प्रकरण मात्र या करारात घालू नका. बाकी सगळे धंदे वेळ वाटून घेऊ शकतात. दगड-काँक्रीट वाटून घेत नाही, ते चोवीस तास तिथेच असतं. खांबांवरची जेटी असेल तर खालून वाळू वाहत राहते. भरीव बांध असेल तर किनाऱ्यालगत वाहणारी वाळू एका बाजूला साचते आणि दुसऱ्या बाजूची धुपते; रापणीचा वाळूचा तळ ज्या बाजूला आहे त्यावर तुमचं सगळं अवलंबून. अर्ज करून तीन गोष्टी लेखी मागा: बांधकाम खांबांचं की भरावाचं, उपसलेला गाळ टाकायच्या जागेचे अक्षांश-रेखांश, आणि वाळूच्या हालचालीचा अभ्यास कोणत्या महिन्यांतल्या मोजणीवर केला. फक्त उन्हाळ्यातली मोजणी असेल तर हरकत घ्या, आपल्याकडे वाळू हलते ती मुख्यतः पावसाळ्यात. प्रकल्पाला जनसुनावणी लागणार असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे निदान 30 दिवस आधी सूचना आणि मराठीतला सारांश मिळणं हा तुमचा हक्क आहे. सुनावणी लागत नसलेल्या लहान जेटीलाही किनारा नियमनाची मंजुरी लागते, तेव्हा हरकत किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी द्या. त्या हरकतीला वर सांगितलेला एकत्रित नकाशा जोडा. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मासळी सुकवण्याची, होड्या लावण्याची, जाळी विणण्याची जागा दाखवलेली आहे का तेही आत्ताच तपासा. नसेल तर ती नोंद करून घेण्याचा अर्ज जेटीच्या अर्जाआधी गेलेला बरा.